अठरा डिसेंबरची सही

१

माझ्या बायकोचं नाव कागदावरून कोणीतरी आधीच काढून टाकलं होतं, हे मला ती गेल्यावर दहा दिवसांनी कळलं.

लता १९ जानेवारीला गेली. शुक्रवार होता. सकाळी साडेनऊला मेथी निवडत बसली होती, तिथेच कलंडली. नाशिक रोडच्या जवळच्या दवाखान्यात रिक्षाने नेलं. डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितलं, हृदय थांबलं. पुढच्या रविवारी जलदान विधी झाला. पाहुणे गेले. सोमवारी, २९ तारखेला, मी तिच्या उरलेल्या गोळ्या परत करायला शहरातल्या हॉस्पिटलात गेलो.

या गोळ्या दुकानात मिळत नाहीत. लताच्या हृदयाचा पंप कमजोर झाला होता. गेल्या जूनमध्ये त्या हॉस्पिटलात एका नवीन गोळीचा अभ्यास सुरू झाला, त्यात तिने नाव दिलं. खरं सांगायचं तर मी द्यायला लावलं. निम्म्या पेशंटना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. कोणाला कुठली, हे पेशंटला माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही. हॉस्पिटलातल्या तपासण्या फुकट. महिन्याला ३० गोळ्यांची एक बाटली, आणि उरलेल्या गोळ्या बाटलीसकट परत करायच्या. मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ३१ वर्षं ऑपरेटर होतो. स्टोअरची वस्तू स्टोअरला परत, ही सवय हाडात गेलेली. म्हणून गेलो.

अभ्यासाचं सगळं कामकाज भाग्यश्री नावाची मुलगी बघते. तिच्या हातावरची मेंदी पुसट झाली होती.

"या काका! मी आजच रुजू झाले. दहा दिवस भावाच्या लग्नात होते. मावशी कशा आहेत? पायाची सूज उतरली का?"

मी बाटली पुढे ठेवली. तिने सवयीने गोळ्या ताटलीत ओतून मोजल्या, १९ भरल्या. रजिस्टरमध्ये बाटलीचा नंबर, दिल्याची तारीख ८ जानेवारी, परत आलेल्या गोळ्या १९, असं लिहिलं आणि खाली माझी सही घेतली. मग मी सांगितलं.

ती उभीच राहिली. डोळे भरले. "काका, मला कोणी बोललंच नाही," म्हणाली आणि फाइल काढायला वळली. फाइल उघडली आणि तिचा चेहरा बदलला.

"असं कसं?"

"काय झालं?"

"मावशींनी अभ्यास सोडला होता, काका. १८ डिसेंबरला. इथे फॉर्म आहे."

ती फाइल घेऊन डॉ. महेश वडनेरे यांच्या केबिनमध्ये गेली. अभ्यासाचे प्रमुख तेच. दहा मिनिटांनी परत आली तेव्हा बोलणं एकदम सरकारी झालं होतं.

"सर म्हणाले, दर महिन्याला तुमच्याकडे येतो तो मनोज घरी येऊन फॉर्म भरून घेऊन गेला होता. मावशी आता आमच्या यादीत नाहीत. त्यामुळे मृत्यूची नोंदही आमच्याकडे होणार नाही. बाटली मी सरांकडे दिली."

"मला तो फॉर्म बघू दे."

तिने केबिनच्या दाराकडे पाहिलं आणि फॉर्म माझ्यासमोर धरला. मी मोबाइलवर फोटो काढला. तिने नको म्हटलं नाही.

वर तारीख १८ डिसेंबर. खाली कारण लिहिलेलं: "घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जिना उतरता येत नसल्याने तपासणीस येणे शक्य नाही. स्वखुशीने अभ्यास सोडत आहे." त्याखाली सही.

सही खोटी असेल असं मला वाटलं होतं. पण ती लताचीच होती. साक्षरता वर्गात शिकली तशी, प्रत्येक अक्षर सुटं आणि शेवटी एक टिंब. चाळीस वर्षं ती सही मी बघत आलो होतो.

२

घरी आलो आणि फोटो बघत बसलो.

१७ आणि १८ डिसेंबरला मी घोटीला होतो, वर्षाचा तांदूळ आणायला. घरात लता एकटी होती. तिला नोव्हेंबरपासून चक्कर येत होती. "ही गोळी मला सोसत नाही," असं ती दोनदा म्हणाली होती. दोन्ही वेळा मी म्हटलं, "तेवढे मोठे डॉक्टर बघतायत, त्यांना कळत नाही का?" तिसऱ्यांदा ती काही बोलली नाही.

मग मला न सांगता तिने सही केली का? आणि सही केली असेल तर रोज सकाळी माझ्यासमोर गोळी का घेत होती? माझं मन राखायला? या प्रश्नाने मला दोन दिवस जेवण गेलं नाही. मला दुसरं काही नको होतं. तिने सोडलं होतं की नव्हतं, एवढं कळायला हवं होतं. सोडलं नसेल, तर तिचा मृत्यू त्या अभ्यासात लिहिला गेला पाहिजे. मृत्यूची नोंद झाली की सीलबंद पाकीट उघडून पेशंटला खरी गोळी होती की बिनऔषधाची ते बघतात, असं माहितीपत्रकात छापलं होतं.

तिसऱ्या दिवशी फकिरा आला. फकिरा माझ्याबरोबर एकलहऱ्याला राखेच्या प्लांटवर होता. मूळचा घोटीकडचा. तोही त्याच अभ्यासात होता. आमच्या दारातूनच ओरडला, "सावळीराम, हायेस का?" आत येऊन पलंगावर बसला. ऑक्टोबरमध्ये लताला जिना चढवेना, म्हणून त्याच इमारतीत तळमजल्यावरची ही खोली आम्ही भाड्याने घेतली होती. वरचं घर कुलूप लावून ठेवलेलं. पत्ता तोच, इमारत तीच, म्हणून कुठे बदलून दिला नव्हता.

मी त्याला फोटो दाखवला. त्याने चष्मा पुसला, फोटो लांब धरला, जवळ धरला.

"ही सही वहिनीचीच. पण डिसेंबरात कशाला करंल? आपण सगळ्या सह्या जूनमध्येच करून दिल्यात की."

"कसल्या सह्या?"

"अरे, तू तवा गाडी लावायला गेला होतास. त्या पोरीनं कागदांचा गठ्ठाच पुढं ठेवला. म्हणली, सगळ्यावर सही करून ठेवा, म्हंजी पुन्हा पुन्हा यायला नको. लय कागद कोरेच होते. मी सात सह्या केल्या. आठवीला म्हणलं, बाई, लगीन लावतीस का काय माझं? वहिनी लय हसली. तिनं पण केल्या."

मी घरातून माहितीपत्रकाची फाइल काढली. नोव्हेंबरमध्ये हॉस्पिटलाने सगळ्या पेशंटना नवीन कागद दिले होते, कारण गोळीबद्दल एक सूचना वाढली होती. त्या कागदांच्या तळाला बारीक अक्षरांत लिहिलं होतं, "आवृत्ती २". मी फोटो मोठा केला. अठरा डिसेंबरच्या फॉर्मच्या तळाला होतं, "आवृत्ती १".

वीज केंद्रात मीटरचे आकडे लिहायच्या लॉगशीटचा नमुना बदलला की जुने गठ्ठे त्याच दिवशी स्टोअरला परत जायचे. जुन्या नमुन्यावर नवीन तारीख दिसली की समजायचं, कोणीतरी मागाहून बसून भरलंय.

"आन हे बघ," फकिरा पत्रकावर बोट ठेवून म्हणाला. "गोळी बंद केल्यावर तीस दिवसांत काही झालं तरी त्यांना लिहावं लागतं."

मी बोटांवर मोजलं. १८ डिसेंबर ते १९ जानेवारी. बत्तीस दिवस.

फकिराही मोजत होता. त्याचे ओठ हलायचे थांबले. "तीसच्या भायेर काढली रे तिला," तो म्हणाला. "मेल्यावर काढली."

३

म्हणजे ज्याने तारीख टाकली त्याला लता कधी गेली हे माहीत होतं. हॉस्पिटलातल्या एकाच माणसाला मी कळवलं होतं, मनोजला. कार्डावर लिहिलं होतं, काही झाल्यास या नंबरवर कळवा. तो नंबर त्याचा होता. तो दर महिन्याला मोटारसायकलवर घरी यायचा, बीपी, वजन, नाडी घ्यायचा आणि नवीन बाटली द्यायचा. लता त्याला चहा पाजल्याशिवाय सोडायची नाही. अंत्यविधीला तो आला होता आणि मागे उभा राहून रडला होता.

मी त्याला बिटको चौकाजवळ एका चहाच्या टपरीवर गाठलं. मला बघून त्याने अर्धा चहा ठेवून दिला.

"जय भीम, काका. घाईत आहे जरा."

"अठरा डिसेंबरला तू आमच्याकडे आला होतास?"

"कोण म्हणालं?"

"तुझे डॉक्टर म्हणतात. फॉर्म तू भरून नेलास म्हणे."

त्याच्या चेहऱ्यावर राग आला आणि लगेच गेला. "सर म्हणत असतील तर तसंच असेल."

"असेल म्हणजे? तू आलास की नाही, एवढंच सांग."

"मला आठवत नाही."

"आणि आठ जानेवारी आठवते का? नवीन बाटली तू स्वतः तिच्या हातात दिलीस. अभ्यास सोडलेल्या बाईला बाटली कशी दिलीस रे?"

"काका, मला विचारू नका. पाया पडतो. माझी नोकरी कंत्राटी आहे, घरात लहान मूल आहे."

"माझ्याही घरात एक माणूस होतं."

तो मोटारसायकलवर बसला. किक मारताना पाय दोनदा सटकला. त्याला मृत्यू माहीत होता. जुने फॉर्म त्याला मिळू शकत होते. आणि तो खोटं बोलत होता. परत येताना माझी खात्री झाली होती की हे त्यानेच केलं. तिच्या हातचा चहा पिऊन केलं.

४

संध्याकाळी मी पुन्हा फोटो उघडून बसलो. मीटर बघताना आम्हाला एक शिकवलं होतं. आकडा बरोबर आहे का हे नंतर बघा, आधी तो कुठून घेतलाय ते बघा. मी तारीख, सही, नमुना सगळं तपासलं होतं. सोडण्याचं कारण तेवढं नीट वाचलं नव्हतं; ते आमच्या पत्त्यासारखंच होतं आणि पत्ता कोण वाचतो?

"घर दुसऱ्या मजल्यावर."

डिसेंबरमध्ये आमचं घर तळमजल्यावर होतं. जिना उतरायचा प्रश्नच नव्हता.

हे कोणाला माहीत नव्हतं? मनोजला माहीत होतं. ऑक्टोबरपासून चार वेळा तो याच खोलीत, याच पलंगावर बसून गेला होता. पहिल्यांदा आला तेव्हा म्हणाला होता, "बरं केलंत मावशी, माझेही गुडघे वाचले." तो माणूस कारण म्हणून जिना लिहिणार नाही.

मग भाग्यश्री? ती घरी कधी आली नव्हती. कोऱ्या सह्या तिनेच घेतल्या होत्या. पण मी गेलो त्या सकाळी तिने विचारलं, मावशी कशा आहेत. आणि विचारण्याचं सोडा, त्यानंतर माझी बाटली घेऊन तिने रजिस्टरमध्ये पेनने नोंद केली. लताला डिसेंबरमध्येच काढलंय हे तिला ठाऊक असतं, तर आठ जानेवारीची बाटली तिने त्या रजिस्टरला लागू दिली नसती. लता गेली त्या दिवसापासून २८ तारखेपर्यंत ती लग्नात होती.

राहिला एकच माणूस. त्याने आमचं घर कधी पाहिलं नव्हतं. आमच्याबद्दल त्याला जे माहीत होतं ते जूनमध्ये भरलेल्या पहिल्या पानावरून. तिथे लिहिलं होतं: दुसरा मजला, लिफ्ट नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मनोजच्या घरी गेलो. दार त्यानेच उघडलं.

"मनोज, फॉर्म तू भरला नाहीस. मला कळलंय. मी काल तुला चुकीचं समजलो."

तो दारातच खाली बसला. मी पण त्याच्या शेजारी पायरीवर बसलो.

"अठरा डिसेंबरला मी मालेगावला होतो, काका. आलोच नव्हतो."

"डॉक्टरांना मृत्यूचं कोणी सांगितलं?"

"मीच. तुमचा फोन आला त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि आठ जानेवारीचा माझा कागद मागून घेतला. परत दिलाच नाही."

"त्या कागदावर काय होतं?"

"मावशींची नाडी." तो जमिनीकडे बघत होता. "४४ होती. दोनदा घेतली. मावशी म्हणाल्या, घर फिरतंय रे माझ्याभोवती. काका, नियम आहे, पन्नासच्या खाली गेली की गोळी त्याच दिवशी बंद. मी तुमच्या जिन्याखाली जाऊन सरांना फोन केला. ते म्हणाले, चालू ठेव, पुढच्या तपासणीत बघू. एकेचाळीसच पेशंट आहेत आपल्याकडे, एकही कमी व्हायला नको. मग मी बाटली दिली."

"आणि तिला काय सांगितलंस?"

"काही नाही म्हणालो. सगळं छान आहे, मावशी, असं म्हणालो."

त्या दिवशी मी घरीच होतो. बाहेर अंगणात वर्तमानपत्र वाचत होतो. ३१ वर्षं दर तासाला उठून मी मीटर वाचले. बायकोच्या मनगटावर मी एकदाही बोट ठेवलं नव्हतं.

५

"तुझ्या फोनमध्ये त्या दिवशीचा कॉल असेल?" मी मनोजला विचारलं.

"आहे. चार मिनिटांचा."

"तू माझ्याबरोबर येशील?"

त्याच्या बायकोने आतून हाक मारली. तो आत गेला, काहीतरी बोलणं झालं आणि शर्ट बदलून बाहेर आला.

डॉ. वडनेरे पन्नाशीचे, शांत बोलणारे. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं. फकिरा पण आला होता, तो उभाच राहिला. मी मोबाइल टेबलावर ठेवला आणि एकेक गोष्ट सांगितली. जुना नमुना. बत्तीस दिवस. दुसरा मजला.

"पगारे, तुमचं दुःख मी समजू शकतो," ते म्हणाले. "पण नमुना चुकून जुना वापरला गेला असेल. मजला मनोजने चुकून लिहिला असेल."

"सर, मी मालेगावला होतो," मनोज म्हणाला. आवाज इतका बारीक होता की त्याने पुन्हा सांगितलं. "मी तिथे नव्हतोच. आणि नाडी ४४ मी तुम्हाला सांगितली होती."

"कागद आहे का तसा?"

"तुम्ही घेतलात."

"म्हणजे नाही. पगारे, डिसेंबरनंतर बाईंनी गोळ्या घेतल्या याला पुरावा काय?"

"बाटली. मी परत केली. आठ जानेवारीची."

"कुठली बाटली?"

दार उघडं होतं. भाग्यश्री तिथे रजिस्टर छातीशी धरून उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"ही, सर. नोंद मी केलीय. नंबर आहे, तारीख आहे, १९ गोळ्या परत. काकांची सही पण आहे." तिने ते पान उघडून टेबलावर ठेवलं. "आणि कोऱ्या फॉर्मवर सह्या मी घेतल्या होत्या. ती माझी चूक. नोव्हेंबरमध्ये औषध कंपनीचे तपासणीवाले ओरडले तेव्हापासून घेत नाही. म्हणून तुम्हाला जुनाच फॉर्म सापडला."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुम्हाला माहीत आहे का, ही गोळी चालली तर किती लोकांचा फायदा आहे?" ते माझ्याशीच बोलत होते. "एका केंद्रावर नियम मोडून मृत्यू, एवढ्याने ते केंद्र बंद होतं. सहा वर्षांचं काम आहे हे. आणि तुमच्या मिसेस कदाचित बिनऔषधाचीच गोळी घेत असतील. त्यांचं हृदय मुळातच कमजोर होतं. मलाही माहीत नाही."

"मग पाकीट उघडा," मी म्हटलं.

"त्यासाठी मृत्यू नोंदवावा लागतो."

"मग नोंदवा."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"डॉक्टर," फकिरा म्हणाला, "माझी नाडी बघा आता. मला पण चक्कर येती. कवाधरनं सांगतोय त्या पोराला."

मनोजनेच त्याची नाडी पाहिली, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. ४८ आली. फकिराने खिशातून गोळ्यांची बाटली काढली, टेबलावर ठेवली आणि भाग्यश्रीला म्हणाला, "मोज बाई, आन लिहून घे. आन आज कोऱ्या कागदावर सही मागू नको."

बाहेर येऊन मी हॉस्पिटलाच्या पायरीवर बसलो. लताने मला फसवलं नव्हतं. मला न सांगता सही केली नव्हती. माझ्या सांगण्यावरून ती शेवटच्या सकाळपर्यंत गोळी घेत राहिली. दोन दिवस ज्या गोष्टीने जेवण गेलं नव्हतं, ती खरी असती तर लता कदाचित आज जिवंत असती.

आम्ही चौघांनी मिळून अशा अभ्यासांवर लक्ष ठेवणाऱ्या हॉस्पिटलाच्या एथिक्स कमिटीला अर्ज दिला. रजिस्टरच्या पानाची प्रत, मनोजच्या फोनची नोंद, फॉर्मचा फोटो सगळं जोडलं. कमिटीने दोनदा बोलावलं. डॉ. वडनेरे यांना अभ्यासातून काढलं आणि त्यांच्या जागी दुसरे डॉक्टर आले. मनोजचं कंत्राट मार्चमध्ये संपलं, ते पुन्हा झालं नाही. भाग्यश्रीने स्वतःहून काम सोडलं.

अर्ज देऊन आता आठ महिने झाले. अठरा डिसेंबरचा फॉर्म रद्द करायचा की नाही, हे औषध कंपनीने ठरवायचं आहे, असं मला पत्राने कळवलं आहे. तोपर्यंत लताचा मृत्यू अभ्यासात धरलेला नाही. पाकीट उघडलेलं नाही. फकिरा सोडून इथले ३९ पेशंट अजून तीच गोळी घेतात, आणि त्यांना कोणी काही सांगितलेलं नाही.